आई नसलेल्या खोलीतला ताप

घरात एखाद्याला ताप आला की सगळ्या घराची चाल बदलते. टीव्हीचा आवाज खाली येतो, धाकट्यांना बाहेरच्या खोलीत पिटाळले जाते, कुकरमध्ये मुगाची खिचडी चढते आणि दर तासाला कुणाचा ना कुणाचा हात कपाळावर टेकतो. ताप चढला की उतरला, हे त्या हाताला थर्मामीटरच्या आधी कळते. औषध काय, डॉक्टर देतातच. पण आजारी माणसाला उभारी येते ती बरीचशी या बदललेल्या चालीमुळे.

वसतिगृहात ताप आला की मात्र कुणाचीच चाल बदलत नाही. सकाळी बादल्यांचा खडखडाट व्हायचा तो होतोच. मेसमध्ये पोह्यांसाठी रांग लागायची ती लागतेच. रूम पार्टनर ‘पडून राहा रे, दुपारी येतो’ असे म्हणून प्रॅक्टिकलला निघून जातो आणि दार ओढून घेतल्याचा आवाज येतो. मग खोलीत उरतात छताचा पंखा, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि अंगातली कणकण. आपण घरापासून किती लांब आलो आहोत, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ॲडमिशनच्या दिवशी कळत नाही. ते कळते या पहिल्या तापात.

कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने पसरलेले मलकापूर हे अशा घरापासून लांब आलेल्या मुलामुलींचे गाव आहे. १९८४ साली येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याच आवारात दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण अशा शाखा आल्या. तिकडे विद्यानगरला १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही की मुले चौघांत एक खोली भाड्याने घेतात आणि डबा लावतात. आटपाडी, जत, पाटण, माण, खटाव अशा तालुक्यांतून आलेली ही मुले एका छपराखाली राहू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाळ्याबरोबर फ्लूही मुक्कामाला येतो.

साथीला आवडणारी जागा

महाराष्ट्रात फ्लूचे दोन हंगाम असतात. एक जुलै-ऑगस्टपासून पावसाच्या अखेरीपर्यंत, दुसरा जानेवारी ते मार्च. महाविद्यालयाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले तर गंमत लक्षात येते. पहिल्या हंगामात नवे प्रवेश आणि गणपती असतात; दुसऱ्यात गॅदरिंग, सबमिशन आणि परीक्षेची तयारी. म्हणजे मुले जेव्हा जास्तीत जास्त दाटीने, कमीत कमी झोपेवर एकत्र असतात, तेव्हाच हा पाहुणा दार ठोठावतो.

साधी सर्दी पायरी पायरीने येते. आज शिंका, उद्या नाक गळते, परवा घसा बसतो. फ्लू अंगावर आदळतो. दुपारपर्यंत हसतखेळत असलेला मुलगा संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. ताप १०२-१०३ पर्यंत चढतो, डोके ठणकते, पाठ-पिंढऱ्या मोडून आल्यासारख्या दुखतात, कोरडा खोकला सुरू होतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. आणि अडचणीची गोष्ट अशी, की ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच हा मुलगा इतरांना लागण देऊ लागलेला असतो. पुढे पाच ते सात दिवस ते चालूच राहते. त्यामुळे ‘ताप आला, आता वेगळे झोपू’ असे ठरते तोवर एका बाटलीतून पाणी पिऊन झालेले असते, एका मोबाइलवर डोक्याला डोके लावून सामना बघून झालेला असतो.

एकत्र राहणाऱ्या मुलांत फ्लू किती वेगाने फिरतो याचे जगभर दाखले म्हणून दिले जाणारे उदाहरण १९७८ सालचे आहे. इंग्लंडमधल्या एका मुलांच्या निवासी शाळेत ७६३ मुले राहत होती. सुट्टीनंतर शाळा भरली आणि जानेवारीत एका मुलाला ताप आला. २२ जानेवारी ते ४ फेब्रुवारी या दोन आठवड्यांत त्यातल्या ५१२ मुलांना अंथरूण धरावे लागले. म्हणजे तिघांतले दोघे! साथीचे गणित शिकवणारे प्राध्यापक आजही वर्गात या शाळेचा आलेख काढून दाखवतात. ती मुले काही अशक्त नव्हती, उपाशीही नव्हती. ती फक्त एकत्र जेवत होती, एकत्र झोपत होती, एकत्र शिकत होती.

आपल्याकडे २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यात काय झाले ते अनेक घरांना आठवत असेल. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. ती एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि पुण्यात शिकणारी मुले बॅगा भरून गावाकडे निघाली. त्या वेळी जगाला हादरवणारा तो विषाणू पुढे गेला कुठेच नाही. तो दरवर्षीच्या फ्लूपैकी एक होऊन आपल्यातच राहिला. आज वसतिगृहातल्या एखाद्या मुलाला येणारा ‘व्हायरल’ त्याचाच असू शकतो. घाबरून जावे असे त्यात काही नाही, पण ‘व्हायरल आहे, जाईल’ म्हणून खांदे उडवावेत असेही नाही.

मानमोडीची आठवण

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला या रोगाचे दुसरे नाव माहीत होते : मानमोडी. १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबईत दिसला आणि पावसाळा सरता सरता त्याची दुसरी, फार भयंकर लाट रेल्वेच्या वाटेने गावोगाव पोचली. हिंदुस्थानात किती माणसे दगावली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात. त्या साथीचा विचित्रपणा असा होता, की तिने म्हातारी आणि तान्ही माणसे तर नेलीच, पण वीस ते चाळीस या भर वयातली धडधाकट माणसेही खुडून नेली. तरुण आहे, अंगात रग आहे, म्हणून फ्लूकडे दुर्लक्ष करणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे. त्यातले बहुतेक मृत्यू फ्लूच्या पहिल्या तापाने झाले नाहीत. मागून आलेल्या न्यूमोनियाने झाले. पेनिसिलीन तेव्हा जगाला माहीतच नव्हते. सेवा करायला घरात धड माणूस उरले नव्हते, म्हणूनही कित्येक जण गेले.

त्यानंतरच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, मलकापूरपासून जवळच असलेल्या कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्याला गेली आणि तेथे वेगवेगळ्या जातिधर्मांची खेड्यातली मुले एका छपराखाली राहू लागली. या वसतिगृहाचा इतिहास सांगताना लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. सातारा-सांगलीच्या मुलखात वसतिगृह ही कल्पना रुजली ती अशी. खोल्या, कॉट आणि मेस हे नंतरचे. आधी तेथे एक आई होती. आजच्या वसतिगृहांत खोल्या मोठ्या झाल्या, टाइल्स बसल्या, वाय-फाय आले. लक्ष्मीबाईंची जागा मात्र कुठल्याच आराखड्यात दाखवलेली नसते.

आगाशिवच्या डोंगरातले वसतिगृह

मलकापुरातून नजर वर उचलली की आगाशिवचा डोंगर दिसतो. जखिणवाडीच्या अंगाने त्याच्या कड्यात साठाहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी म्हणजे पावसाळ्यात भिक्षूंनी राहण्यासाठी केलेले विहार : मधे मोकळी जागा, भोवती लहान लहान कोठड्या, काही कोठड्यांत झोपायला दगडी ओटा. आजच्या भाषेत बोलायचे तर वसतिगृहच.

एकत्र राहणाऱ्यांपैकी एक जण आजारी पडला तर काय करायचे, हा प्रश्न त्या भिक्षूंनाही पडलेला होता. विनयपिटकात त्याची एक गोष्ट आहे. एका विहारात एक भिक्षू अतिसाराने आजारी पडला होता आणि स्वतःच्याच घाणीत लोळत पडला होता. बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन विहारातून फिरत असताना त्यांनी त्याला पाहिले. तुझी काळजी घेणारे कुणी नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, नाही. कारण मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला न्हाऊ घातले आणि उचलून खाटेवर ठेवले. मग सगळ्या भिक्षूंना बोलावून समजावले, की इथे तुमची सेवा करायला आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार?

पण बुद्ध एवढ्यावर थांबले नाहीत. उपदेशाने लोक दोन दिवस हलतात, नियमाने कायमचे, हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी क्रम लावून दिला. आजाऱ्याला पाहण्याची जबाबदारी आधी त्याच्या गुरूची. गुरू नसेल तर बरोबर राहणाऱ्या शिष्याची. त्यातले कुणीच नसेल तर ती सगळ्या संघाची, आणि संघाने ती टाळली तर तो संघाचा दोष. बरोबर राहणाऱ्याला पालीत सद्धिविहारिक म्हणतात. आपण रूम पार्टनर म्हणतो. रेक्टर, पार्टनर आणि संस्था हा क्रम आगाशिवच्या डोंगरात भिक्षू राहत होते तेव्हाही माहीत होता. अडते ते पाळण्यात.

त्या गोष्टीतला एक तपशील मनात घर करून राहतो : ‘मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही.’ प्रत्येक वसतिगृहात एखादा असा असतो. अबोल, परगावचा, भाषा वेगळी, नोट्स न देणारा, पार्टीला न येणारा. लोकप्रिय मुलाला ताप आला तर खोलीत फळांची रास लागते. याला ताप आला तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारते, ‘तो दिसला नाही रे कुठे?’ साथीच्या दिवसांत धोका असतो तो याच बंद दारामागे.

खोलीत काय करावे

धडधाकट तरुणाचा फ्लू बहुतेक वेळा खोलीतच बरा होतो. ताप तीन-चार दिवस राहतो, खोकला आणि थकवा आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. या दिवसांत मोठ्या इलाजाची गरज नसते. लहान लहान गोष्टी मात्र नेमाने कराव्या लागतात.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे सांगणे. रेक्टरला, पार्टनरला आणि घरी. बरेच विद्यार्थी ताप लपवतात. आई काळजी करेल, प्रॅक्टिकल बुडेल, खोलीतले लांब पळतील, अशी कारणे असतात. त्याच विनयपिटकात, कोणत्या रोग्याची सेवा करणे अवघड, हेही सांगितले आहे : जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही आणि आपल्याला काय होते आहे ते खरे सांगत नाही. आजाऱ्याचेही एक कर्तव्य असते, ते हे.

दुसरे, थर्मामीटर आणि वही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र ताप मोजून वेळेसह लिहून ठेवावा. गोळी कधी घेतली तेही लिहावे. तापात वेळेचे भान राहत नाही आणि एकच गोळी दोनदा घेतली जाते. ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरते. दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि मोठ्या माणसानेही दिवसभरात चार ग्रॅमची हद्द ओलांडता कामा नये. डॉक्टरांनी कमी सांगितले असेल तर तेच खरे. मेडिकलच्या दुकानात ‘सर्दी-तापाची’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेले असते. ती गोळी आणि वर साधी पॅरासिटामॉल, असे केले की यकृतावर दुप्पट भार पडतो. वेष्टनावरचे घटक वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याशी बांधलेली आहे. पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. डेंग्यूही त्याच दिवसांत फिरत असतो. म्हणून रक्ताची तपासणी होऊन शंका फिटेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी वेदनाशामके घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर फ्लूत ॲस्पिरिन द्यायचेच नसते. आणि डेंग्यूत खरी काळजी ताप उतरताना घ्यावी लागते, हे विसरू नये.

चौथे, प्रतिजैविके मागू नयेत. सीनिअरच्या कपाटात उरलेल्या तीन कॅप्सूल ही वसतिगृहातली जुनी दानधर्माची पद्धत आहे. फ्लू हा विषाणूचा रोग. त्यावर या कॅप्सूल चालत नाहीत. मागाहून जिवाणूंचा संसर्ग झाला तर डॉक्टर त्या देतात, आणि तेव्हा त्या पूर्ण घ्यायच्या असतात. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचे औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते, पण कुणाला द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे. दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या विद्यार्थ्याने म्हणूनच वाट न बघता पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उरले खाणेपिणे. तापात भूक मेलेली असते, तिची चिंता नको, पाण्याची करावी. लघवी पिवळीजर्द आणि कमी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. तांदळाची पेज, ताक, लिंबूपाणी, पातळ वरण, मऊ भात-मेतकूट हे मेसच्या आचाऱ्याला अवघड नाही. फक्त कुणीतरी त्याला जाऊन सांगावे लागते. आले-गवती चहाचा काढा घशाला बरा वाटतो, खुशाल घ्यावा. त्याने फ्लू जातो असे मात्र समजू नये. एके काळी कराडला शिकणाऱ्या मुलाचा डबा गावाहून एसटीने येई. आईने फडक्यात बांधलेला डबा कंडक्टरच्या हवाली होई आणि स्टँडवर मुलगा वाट पाहत उभा असे. ताप आलेल्या दिवशी तो डबा स्टँडवरून आणून देणारा मित्र, ही खरी मैत्री.

खोलीत दुसरे कुणी असेल तर कॉट शक्य तितक्या लांब सरकवाव्यात आणि उशा उलट्या टोकांना ठेवाव्यात, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येत नाही. पाऊस असला तरी खिडकी फटभर उघडी ठेवावी. टॉवेल, पेला, बाटली वेगळी. कडी, नळ, स्विच यांसारख्या गुळगुळीत जागी विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. तेव्हा हात साबणाने धुवावेत, आणि चांगले वीस सेकंद. मलकापूरला या बाबतीत सबब नाही. चोवीस तास मीटरने पाणी देणारे गाव म्हणून त्याचे नाव देशभर झाले आहे. २०२० नंतर प्रत्येकाच्या कपाटात मास्क पडून आहे. आजारी मुलाने आणि त्याला जेवण नेऊन देणाऱ्याने तो बाहेर काढावा.

आणि धोक्याच्या खुणा दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून लावाव्यात : धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ-नखे निळसर होणे, थुंकीत रक्त, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, पाणीही न ठरणारी उलटी, चक्कर. यांतले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. शेवटची खूण फसवी आहे. ताप उतरला, मुलगा उठून बसला, आणि दोन दिवसांनी पुन्हा जोराचा ताप व खोकला सुरू झाला, तर तो मागून आलेला न्यूमोनिया असू शकतो. मानमोडीने माणसे नेली ती याच वाटेने. फरक एवढाच, की आज त्यावर औषध आहे, आणि मलकापुरात तर मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तेथपर्यंत नेणारे माणूस वेळेवर हवे.

घरच्यांनी काय करावे

फोनवर मुलाचा आवाज बसलेला ऐकला की आईचा जीव राहत नाही. मग दिवसातून पंधरा फोन होतात आणि झोपेची गरज असलेला मुलगा ‘बरा आहे, बरा आहे’ म्हणत राहतो. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी फोन करावा आणि नेमके विचारावे : ताप किती आहे? श्वास नीट आहे का? पाणी किती प्यायलास, लघवी होते आहे ना? आणि आता खोलीत तुझ्याबरोबर कोण आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘कुणी नाही’ असे आले, तर त्यानंतरचा फोन रेक्टरला. पार्टनरचा नंबर प्रवेशाच्या दिवशीच लिहून घ्यावा. त्या मुलाच्या आईशीही ओळख करून घ्यावी. उद्या तिच्या मुलाला ताप आला तर तुमचा मुलगा तिथे असणार आहे.

आजारी मुलाला लगेच घरी बोलावण्याची घाई करू नये. भर तापात एसटीचा चार तासांचा प्रवास त्यालाही झेपत नाही आणि शेजारच्या प्रवाशांनाही प्रसाद मिळतो. शिवाय घरी कोण असते? पासष्टी ओलांडलेले आजी-आजोबा, तान्हे भाचरू, गरोदर वहिनी. तरुणाला चार दिवस झोपवणारा फ्लू याच मंडळींच्या जिवावर उठतो. गणपतीला किंवा दिवाळीला अंगात कणकण घेऊन घरी आलेला नातू आजीच्या पाया पडतो, ती त्याला जवळ घेते, आणि आठवड्याने ती दवाखान्यात असते. मुलाला घरी आणणे भागच असेल तर त्याची खोली वेगळी हवी आणि आजीची माया दारापाशी थांबायला हवी. ते कठीण आहे, पण मायेपोटीच ते करायचे असते.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दरवर्षी थोडा रूप बदलतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल-मेच्या सुमारास ती घेणे सोयीचे. शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असे नाही, पण तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. घरातली वृद्ध माणसे, जुनाट आजार असलेले, आणि दवाखान्याच्या वॉर्डांत फिरणारे वैद्यकीय व परिचर्येचे विद्यार्थी यांनी तिचा विचार आवर्जून करावा.

हजेरीपटाचा प्रश्न

हे सगळे सांगून झाले तरी एक अडचण उरतेच. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. नियम चुकीचा नाही. पण तापाने फणफणलेला मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर डोके टेकून बसतो तो याच नियमाच्या धाकाने. त्या एका हजेरीची किंमत आजूबाजूचे दहा जण पुढच्या आठवड्यात मोजतात. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ती वॉर्डातले रोगी मोजतात. श्वसनाने जेरीला आलेला म्हातारा, अपुऱ्या दिवसांचे बाळ, यांच्या खाटेशी खोकत उभे राहणे हा कर्तव्यदक्षपणा नव्हे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात स्नेहसंमेलनानंतर पावणेतीनशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली होती. बहुतेकांनी लस घेतलेली होती, त्यामुळे निभावले. पण डॉक्टर होऊ घातलेल्यांचे आवारही साथीला अपवाद नसते, हे त्यातून दिसले. म्हणून औषध न घेता ताप जाऊन २४ तास होईपर्यंत विद्यार्थ्याने खोलीतच राहावे, असा नियम संस्थांनीच करावा आणि त्या दिवसांची गैरहजेरी त्याच्या माथी मारू नये. प्रमाणपत्रासाठी तापातल्या मुलाला तीन खिडक्यांसमोर उभे करू नये. प्रत्येक वसतिगृहात एक खोली आजाऱ्यांसाठी राखून ठेवावी, तिच्यात दोन कॉट, थर्मामीटर, बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र आणि पाण्याचा पिंप असावा. मजल्यावरच्या मुलांनी पाळी लावून घ्यावी : सकाळी कोण विचारणार, दुपारी जेवण कोण नेणार, रात्री दार कोण ठोठावणार. यात खर्च फारसा नाही. कोरोनाच्या काळात हे सगळे आपण शिकलो होतो. साथ ओसरली तशी आठवणही ओसरू लागली आहे.

एरवी कुणी कुणाचे नसलेली चार मुले एका खोलीत राहतात. वर्षअखेर त्यांतले कोण कुणाचे झाले हे गुणपत्रिकेत दिसत नाही. ते ठरते एखाद्या पावसाळी रात्री, अडीच वाजता, जेव्हा शेजारच्या कॉटवरचा कण्हतो आणि दुसरा दिवा लावून विचारतो, ‘पाणी देऊ का रे?’ मुलांना वसतिगृहात सोडायला जाताना आपण गादी, बादली, कुलूप, चिवड्याचा डबा असे सगळे आठवणीने देतो. त्या यादीत थर्मामीटर लिहावा. आणि निघताना, ‘स्वतःची काळजी घे’ म्हणतोच आपण, त्याला जोडून एवढेही म्हणावे : ‘शेजारच्या कॉटवरच्याकडेही बघत जा.’